‘मुलीसारखी’ : ‘सुजाता’ चित्रपट वर्गात दाखविताना

स्मरणिकेसाठी विद्यार्थ्यांना उपयोगी पडेल असे काहीतरी लिहावे, असे संपादक मंडळाने आम्हांस कळविले. अभ्यास कसा करावा, परीक्षेला कसे सामोरे जावे, यांवर लिहिता आले असते. पण त्या विषयांवर दरवर्षी कोणी ना कोणी लिहितेच. गेली काही वर्षे रविवारच्या अभ्यासवर्गात आम्ही आठवी ते दहावीच्या मुलांना एक जुना हिंदी चित्रपट दाखवीत आहोत. त्यातून मुलांना किती शिकविता आले हे तेच सांगू शकतील. आम्ही मात्र बरेच काही शिकलो. तो अनुभव येथे मांडीत आहोत. चित्रपट आहे बिमल रॉय यांचा, १९५९ सालचा ‘सुजाता’.

या चित्रपटाशी आमचे नाते लहानपणापासूनचे. मुंबईत दूरदर्शन २ ऑक्टोबर १९७२ रोजी सुरू झाले, परंतु आमच्या चाळीत टीव्हीचा पहिला संच यायला पुढे काही वर्षे गेली. तळमजल्यावर एका गिरणी कामगाराच्या खोलीत तो आला. रविवारी संध्याकाळी त्या दहा बाय बाराच्या खोलीत मुले फरशीवर, बाया भिंतीला टेकून आणि पुरुष दारात व खिडकीत, अशी व्यवस्था असे. आम्ही तेव्हा पाचवीत होतो. एका रविवारी ‘सुजाता’ लागला. अस्पृश्याच्या घरी जन्मलेली मुलगी पडद्यावर नायिका आहे, सगळे कथानक तिच्याभोवती फिरते आहे, आणि खोलीतला प्रत्येक माणूस तिच्या बाजूने आहे, हे आमच्या बालमनाला इतके नवे होते की पुढचे कित्येक दिवस आम्ही दुसरे काही बोलत नव्हतो. शेवटी सगळे सुरळीत झाले, लग्न ठरले, सर्वांनी डोळे पुसले. घरी येऊन आईने अंथरूण घातले आणि उशी झटकता झटकता एवढेच म्हणाली, “पोरीनं रगत दिलं, तवा कुठं ती आय झाली.” आम्हांला तिचा रागच आला. एवढा छान शेवट, आणि ही काहीतरी खुसपट काढते!

ते वाक्य समजायला आम्हांला पंचवीस वर्षे लागली.

ज्यांनी चित्रपट पाहिला नसेल त्यांच्यासाठी कथा थोडक्यात सांगतो. उपेंद्रनाथ चौधरी हे अभियंता. त्यांच्या हाताखाली काम करणाऱ्या अस्पृश्य मजुरांच्या वस्तीत पटकीची साथ येते. एक मजूर जोडपे मरते आणि त्यांची तान्ही मुलगी उरते. वस्तीतली माणसे ती मुलगी साहेबांच्या बंगल्यावर आणून देतात. उपेंद्रनाथ आणि त्यांची पत्नी चारू यांना रमा नावाची तेवढीच लहान मुलगी आहे. तात्पुरती म्हणून ठेवलेली ही मुलगी पुढे तिथेच राहते. उपेंद्रनाथ तिचे नाव सुजाता ठेवतात. दोघी मोठ्या होतात. रमा कॉलेजात जाते, सुजाता घरकाम आणि बाग पाहते. घरातल्या आत्याबाई गिरिबाला जुन्या वळणाच्या. त्यांना आपल्या अधीरचे लग्न रमाशी व्हावेसे वाटते, आणि अधीरचे मन बसते सुजातावर. आपला जन्म कोणत्या घरी झाला हे कळल्यावर सुजाता भर पावसात घराबाहेर धावत जाते. पुढे चारू जिन्यावरून पडते, रक्ताची गरज लागते, घरातल्या कोणाचेच रक्त जुळत नाही, जुळते ते सुजाताचे. चारूचे मन पालटते. ती सुजाताला मुलगी म्हणून जवळ घेते आणि अधीरशी तिचे लग्न होते.

मूळ कथा बंगाली लेखक सुबोध घोष यांची, पटकथा नबेंदू घोष यांची, संगीत सचिनदेव बर्मन यांचे आणि गीते मजरूह सुलतानपुरी यांची. चित्रपटाला त्या वर्षीच्या फिल्मफेअर पुरस्कारांत उत्कृष्ट चित्रपट, दिग्दर्शन, अभिनेत्री आणि कथा असे पुरस्कार मिळाले, आणि १९६० साली कान येथील महोत्सवात तो स्पर्धेत होता. कथा बंगालमधली आहे, पण एक गोष्ट मराठी वाचकांनी जरूर लक्षात ठेवावी. सुजाता झालेल्या नूतन या शोभना समर्थांच्या कन्या. चारू म्हणजे सुलोचना. आत्याबाई म्हणजे येवल्याच्या ललिता पवार. आणि रमा म्हणजे सोलापूरच्या शशिकला. म्हणजे घरातल्या चारही स्त्रिया आपल्याकडच्या. आमच्या चाळीतल्या बायांना ते बंगाली घर परके का वाटले नाही, याचे एक कारण हेही असावे. सुलोचनाबाई २०२३ साली गेल्या. आता त्या चौघींपैकी कोणीच हयात नाही.

शिक्षकी पेशात आल्यावर, पुष्कळ वर्षांनी, आम्ही हा चित्रपट डीव्हीडीवर पुन्हा पाहिला. प्रेमाने पाहायला बसलो होतो आणि अस्वस्थ होऊन उठलो. लहानपणी जे दिसले नव्हते ते आता एकामागून एक दिसू लागले.

पहिली गोष्ट एका शब्दाची. घरी पाहुणे आले की चारू रमाची ओळख ‘माझी मुलगी’ अशी करून देते आणि सुजाताची ‘मुलीसारखी’ अशी. हिंदीतला तो ‘जैसी’ हा शब्द दोन अक्षरांचा. तो उच्चारताना सुलोचनाबाईंच्या चेहऱ्यावर दुष्टपणाचा लवलेशही नाही. उलट माया आहे, आणि तिथेच त्या भूमिकेचा कस आहे. आत्याबाईंचा विटाळ उघड आहे, त्याच्याशी भांडता येते. मायेने बोललेल्या ‘सारखी’ शी कसे भांडणार? नूतन यांनी त्या वेळी काहीच न बोलता जे दाखविले आहे ते वर्गात दोनदा दाखवावे लागते. पहिल्यांदा मुलांचे लक्ष बोलणाऱ्याकडे असते.

दुसरी गोष्ट विषारी वायूची. आत्याबाईंबरोबर आलेले पंडित सांगतात की अस्पृश्याच्या शरीरातून विषारी वायू बाहेर पडतो. वर्गात येथे मोठा हशा पिकतो. मुले हसतात ते चांगलेच आहे. पण आम्ही चित्रपट थांबवून विचारतो, की पंडिताने शास्त्राचे वचन सोडून वायूची भाषा का धरली असावी? मुले थोडा वेळ गप्प बसतात. मग एखादा म्हणतो, “सर, सायन्सचं नाव घेतलं की लोक ऐकतात.” बरोबर आहे. जुना विटाळ नव्या काळात विज्ञानाचे कपडे घालून आला आहे. २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी आपल्या लोकांसह प्राशन केले, त्यानंतर सवर्णांनी ते तळे पंचगव्याने ‘शुद्ध’ केले हा इतिहास आपल्या मुलांना पाठ असतो. त्या शुद्धीकरणामागची कल्पना आणि पंडिताचा वायू यांची जात एकच, हे त्यांच्या लगेच लक्षात येते.

येथेच आम्ही पटकीचा धडा घेतो. सुजाताचे आईवडील कशाने मेले? पटकीने. पटकी कशाने होते? दूषित पाण्याने. लंडनमध्ये १८५४ साली जॉन स्नो यांनी एका पंपाच्या पाण्याशी पटकीच्या साथीचा संबंध जोडून दाखविला, आणि रॉबर्ट कॉख यांनी १८८४ साली तिचे जंतू ओळखले, ते आपल्या कलकत्त्यातच. चित्रपटाचा काळ त्यानंतरचा. मग साहेबांचा बंगला आणि मजुरांची वस्ती एकाच ठिकाणी असताना साथ वस्तीतच का येते? बंगल्याचे पाणी कुठून येते आणि वस्तीचे कुठून? चित्रपट हे विचारत नाही. वस्ती सुरुवातीला दिसते आणि पुढे नाहीशी होते. सुजाताला तिची माणसे पुन्हा भेटत नाहीत, आणि ती माणसे काही मागतही नाहीत. चित्रपट आला १९५९ मध्ये. त्याच्या तीनच वर्षे आधी, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी, नागपूरला लाखोंच्या समुदायाने धम्मदीक्षा घेतली होती. १९५५ साली अस्पृश्यता गुन्हा ठरविणारा कायदा झाला होता. यातले काहीही चौधरींच्या बंगल्याच्या फाटकातून आत येत नाही. सुजाता दुःखाच्या टोकाला जाते तेव्हा ती पोचते नदीकाठच्या गांधीजींच्या स्मारकापाशी.

या प्रसंगावरून आमच्या वर्गावर एकदा वादळच आले होते. एक ज्येष्ठ सभासद, ज्यांना आम्ही सारे भाऊ म्हणतो, त्यांनी स्पष्ट सांगितले, “आपल्या मुलांना हा हरिजन-पिक्चर दाखवू नका. दया करणारे वेगळे आणि हक्क देणारे वेगळे.” भाऊंचा राग आम्ही समजू शकतो. त्यांचे म्हणणे चुकीचे आहे असेही आम्हांला वाटत नाही. तरीही आम्ही त्यांना विनंती केली की एक रविवार आपण वर्गात येऊन बसावे. ते आले. स्मारकाचा प्रसंग झाल्यावर त्यांनीच उठून मुलांना दहा मिनिटे पुणे करार समजावून सांगितला. त्या दिवसापासून तो भाग दरवर्षी भाऊच शिकवितात आणि आमच्यापेक्षा चांगला शिकवितात. आवडत्या चित्रपटातली खोट दाखविली म्हणजे चित्रपट मोडीत निघत नाही. आम्ही अजूनही तो प्रेमानेच पाहतो. १९३६ सालच्या ‘अछूत कन्या’ मध्ये नायिकेला अखेर मरावे लागले होते. बिमल रॉय यांची नायिका जगते, आवडत्या माणसाशी लग्न करते, एवढे तरी तेवीस वर्षांत पुढे सरकले होते. त्याच १९३६ साली बाबासाहेबांनी ‘जातिनिर्मूलना’च्या आपल्या प्रबंधात आंतरजातीय विवाहाचा उपाय सांगितला होता, पण त्याचबरोबर, ज्या धर्मशास्त्रांच्या पावित्र्यावर जात उभी आहे ते पावित्र्यच नष्ट केले पाहिजे, असेही बजावले होते. चित्रपटाने पहिली गोष्ट घेतली. दुसरीपाशी तो पंडिताची थट्टा करून थांबला.

आता नावाकडे येऊ. सुजाता हे नाव आपल्या वाचकांना सांगावयास नको. उरुवेला येथे बोधिसत्त्व सिद्धार्थाला खीर देणारी ती सुजाता. तिचे अन्न ग्रहण करून त्याने देहदंडनाचा मार्ग सोडला. परंतु ‘सु-जाता’ या शब्दाचा सरळ अर्थ ‘चांगल्या कुळात जन्मलेली’ असाही होतो. ज्या मुलीचा जन्मच घराला खुपतो, तिचेच नाव असे ठेवले आहे. नववी-दहावीच्या मुलांना आम्ही येथे सुत्तनिपातातील वसलसुत्ताची ओळख करून देतो. जन्माने कोणी नीच होत नाही, कर्माने होतो, हा त्याचा आशय त्यांनी वंदनेनंतरच्या प्रवचनांत ऐकलेला असतो, पण त्या नावाशेजारी ठेवला की तो त्यांना नव्याने ऐकू येतो.

चित्रपटात रवींद्रनाथ ठाकुरांच्या ‘चंडालिका’ या नृत्यनाटिकेचाही प्रसंग येतो. लहानपणी तो आम्हांला कंटाळवाणा वाटला होता. खरे तर संपूर्ण चित्रपटाची किल्ली तिथे आहे. रवींद्रनाथांनी ‘चंडालिका’ १९३३ साली नाटक म्हणून लिहिली आणि १९३८ साली तिची नृत्यनाटिका केली. कथा त्यांना राजेंद्रलाल मित्र यांच्या नेपाळातील संस्कृत बौद्ध साहित्यावरील ग्रंथात मिळाली, आणि तिचे मूळ ‘दिव्यावदाना’तील शार्दूलकर्णावदानात आहे. श्रावस्तीजवळ आनंद एका विहिरीवर येतो, पाणी भरणाऱ्या प्रकृती नावाच्या मुलीकडे पाणी मागतो. ती आपली जात सांगते. आनंदाचे उत्तर असे, की आपण पाणी मागितले होते, जात विचारली नव्हती. प्रकृतीच्या मनात आनंदाविषयी ओढ निर्माण होते, तिची आई मंत्राने त्याला खेचून आणते, तथागत त्याला सोडवितात, आणि शेवटी प्रकृती स्वतः तथागतांच्या पाठोपाठ जाऊन संघात येते. बाबासाहेबांनी ‘बुद्ध आणि त्याचा धम्म’ या ग्रंथात महाप्रजापती गौतमी आणि यशोधरा यांच्या धम्मदीक्षेनंतर लगेच हिच्या दीक्षेची कथा घातली आहे. राणीनंतर चांडालकन्या, असा तो क्रम आहे, आणि मुलांनी तो स्वतः ग्रंथ उघडून पाहावा म्हणून आम्ही मुद्दाम पृष्ठ क्रमांक सांगत नाही.

रवींद्रनाथांनी आपले नाटक जिथे संपविले त्याच्या पुढे मूळ कथेत बरेच आहे, आणि तो भाग फार थोड्यांना माहीत असतो. चांडालकन्येला भिक्षुणी केले म्हणून नगरातील ब्राह्मण आणि गृहस्थ नाराज होतात, राजा प्रसेनजित स्वतः चौकशीला येतो. तेव्हा तथागत एक पूर्वकथा सांगतात. मातंगांचा राजा त्रिशंकू आपला मुलगा शार्दूलकर्ण याच्यासाठी पुष्करसारी नावाच्या ब्राह्मणाची मुलगी मागतो. ब्राह्मण संतापतो. मग दोघांत दीर्घ वाद होतो. त्रिशंकू म्हणतो की पशुपक्ष्यांत, झाडांत वेगवेगळ्या जाती दिसतात, त्यांचे अवयव वेगळे असतात; माणसामाणसांत तसा फरक दाखवून द्या. ब्राह्मण निरुत्तर होतो आणि मुलगी देतो. म्हणजे चित्रपटात अधीर व सुजाता यांच्या लग्नाने जो प्रश्न सुटतो, तोच प्रश्न या प्राचीन कथेतही लग्नानेच सुटतो. फरक असा की तिथे मातंग बाप स्वतः उभा राहून वाद घालतो आणि जिंकतो. मुलीला कोणासाठी काही सिद्ध करावे लागत नाही, आणि रक्तही द्यावे लागत नाही.

प्रत्यक्ष वर्गाविषयी आता लिहितो, कारण काही शिक्षक सभासदांनी ते विचारले आहे. संपूर्ण चित्रपट अडीच तासांहून मोठा आहे, आजची मुले एवढा वेळ कृष्णधवल चित्रांपुढे बसत नाहीत, आणि त्यांना बसवूही नये. आम्ही चार रविवार घेतो. पहिल्या रविवारी वस्तीतील साथ आणि मूल घरी येण्याचा भाग, दुसऱ्या रविवारी पंडित आणि ‘मुलीसारखी’, तिसऱ्या रविवारी स्मारक आणि चंडालिका. चौथा रविवार रुग्णालयातील प्रसंगाचा, आणि तो आम्ही रक्ताची तपासणी होण्यापूर्वीच बंद करतो. भाषेची अडचण पडत नाही. गाणी मात्र वगळू नका. टेलिफोनवरचे गाणे लागले की मुले कुजबुजतात, पण नूतन यांचा चेहरा पाहून गप्प होतात.

रक्ताचा धडा घेताना पहिल्या वर्षी आमच्या हातून एक चूक झाली, ती सांगितलीच पाहिजे. कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली मानवी रक्ताचे गट प्रसिद्ध केले, त्याबद्दल त्यांना १९३० चे नोबेल पारितोषिक मिळाले, हे शिकवून झाल्यावर उत्साहाच्या भरात आम्ही मुलांना सांगितले, की पुढच्या रविवारी आपल्या आईवडिलांचे आणि आपला असे तिन्ही रक्तगट लिहून आणा. हेतू चांगला होता. जातीचा आणि रक्तगटाचा काही संबंध नाही, हे वर्गातल्या वर्गात दिसावे. पुढच्या रविवारी एक मुलगा आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारीही नाही. चौकशीला घरी गेलो तेव्हा त्याच्या आईने आम्हांला बाहेर गॅलरीत नेले आणि हळू आवाजात सांगितले, की तो तिच्या धाकट्या बहिणीचा; बहीण बाळंतपणात गेली तेव्हापासून हिच्याजवळ. मुलाला ते अजून सांगितले नव्हते. ती म्हणाली, “सर, तुमच्या वहीत तीन गट मांडले असते तर त्यानं मला काय विचारलं असतं?” आम्ही ज्या चित्रपटातून शिकवीत होतो, त्यातलाच प्रश्न घरी जाऊन एका आईपुढे टाकून आलो होतो. त्या माउलीची आम्ही क्षमा मागितली. मुलगा परत यावा म्हणून तो गृहपाठच रद्द झाल्याचे वर्गात जाहीर केले. तेव्हापासून आम्ही कोणाच्याही घरचे रक्तगट मागत नाही. फळ्यावर काल्पनिक कुटुंब काढतो. शिक्षक बंधू-भगिनींनी हे कृपया ध्यानात ठेवावे.

फळ्यावरचे ते उदाहरण असे : आई ‘ओ’ गटाची आणि वडील ‘एबी’ गटाचे. मुले होतील ती ‘ए’ किंवा ‘बी’ गटाची. ‘ओ’ होणार नाहीत, ‘एबी’ ही होणार नाहीत. एकही मूल आईच्या गटाचे नाही आणि वडिलांच्याही नाही. शिवाय ‘ओ’ गटाच्या माणसाला ‘ओ’ गटाचेच रक्त चालते; म्हणजे या आईला रक्त लागले तर तिच्या पोटच्या एकाही मुलाचे चालणार नाही. रस्त्यावरच्या अनोळखी माणसाचे चालेल. इतकेच काय, जवळच्या नातेवाइकाचे रक्त विशेष प्रक्रिया केल्याविना देणे आज डॉक्टर टाळतात, कारण त्यातून क्वचित गंभीर प्रतिक्रिया उद्भवते. मुले हे ऐकून चकित होतात. ‘रक्ताचे नाते’ हा शब्द आपण किती सहज वापरतो! चित्रपटात रक्त जुळणे ही सुजाताच्या मुलगीपणाची खूण म्हणून येते. विज्ञानाच्या दृष्टीने ती फक्त एक योगायोगाची गोष्ट आहे. ब्राह्मण घराण्याच्या रक्ताला अस्पृश्याचे रक्त जुळते, हे त्या काळच्या प्रेक्षकाला दाखविणे महत्त्वाचे होते, यात शंका नाही. पण चारूने वीस वर्षे जे पाहिले, त्या मुलीचे चालणे-बोलणे, तिची सेवा, तिची माया, ते पुरेसे का पडले नाही?

हा प्रश्न आम्ही विचारला नव्हता. आठवीतल्या एका मुलीने तिसऱ्या वर्षी विचारला. रुग्णालयाचा प्रसंग आम्ही बंद केला होता, पण तिने घरी मोबाइलवर पुढचे पाहून ठेवले होते. ती म्हणाली, “सर, रक्त जुळलं नसतं तर?” वर्गात कोणी बोलेना. आम्हीही बोललो नाही, कारण आम्हांला आईची ती उशी झटकण्याची हालचाल आठवली. आमची आई शाळेत गेली नव्हती. या मुलीचा प्रश्न आणि तिचे वाक्य एकच होते.

तेव्हापासून चौथ्या रविवारचा गृहपाठ ठरून गेला : रक्त जुळले नाही असे समजा, आणि शेवट लिहा. गेल्या काही वर्षांच्या वह्या आम्ही जपून ठेवल्या आहेत. बरीच मुले कोठूनतरी दुसरा रक्तदाता आणतात आणि चारूला बरी करून पुन्हा तेच लग्न लावतात. लहान मुलांना सुखी शेवट लागतो, आम्हांलाही लागत होता. काही शेवट मात्र वाचताना थांबावे लागते. एकीने लिहिले आहे की चारू बरी होते, पाहुण्यांपुढे पुन्हा ‘मुलीसारखी’ म्हणते, आणि या वेळी सुजाता तिथेच सांगते की मग मीही तुम्हांला आईसारखीच म्हणेन. एका मुलाच्या गोष्टीत सुजाता परिचारिका होते. दुसऱ्या एका मुलाने, जो एरवी वर्गात मागे बसून काही बोलत नाही, दीड पानात असे लिहिले : सुजाता घर सोडते आणि जिथे तिचे आईवडील मेले ती वस्ती शोधत जाते. तिला कोणी ओळखत नाही. ती विचारते, इथे पाणी कुठून भरता? बाया तिला डबके दाखवितात. पुढची दोन वाक्ये त्याने खोडली आहेत, त्यामुळे तिने पुढे काय केले ते कळत नाही. आम्ही त्याला विचारले, तर म्हणाला, “अजून ठरलं नाही, सर.”

मागच्या वर्षी पालकांनाही बोलाविले होते. दुसऱ्या रविवारचा भाग दाखविला. त्यात घरकाम करणाऱ्या पाचसहा माता होत्या. ‘मुलीसारखी’ हा शब्द आला तेव्हा मुले आमच्याकडे पाहत होती, आता सर चित्रपट थांबवतील म्हणून. आम्ही थांबविण्याआधीच मागून एक बाई बोलली, “आमची मालकीण पन असंच म्हनते. घरच्यावानी हाय म्हनं. चहाचा कप तेवढा खिडकीत.” बाकीच्या हसल्या. हसता हसता एकीने विचारले की तुझा कप कोणत्या खिडकीत, स्वयंपाकघराच्या की बाल्कनीच्या? मग बराच वेळ कोणाचा कप कुठे असतो याचीच चर्चा चालली. मुले आपापल्या आईकडे पाहत होती. त्या दिवशी चित्रपट पुढे सुरू करण्याची गरज पडली नाही. सहा वाजले, तसे भाऊंनी उठून दिवे लावले आणि सर्वांना चहा दिला. कप संस्थेचेच, सगळे एकाच आकाराचे होते. ते धुवायला त्या बाया उठू लागल्या, तेव्हा नववीच्या मुलांनी त्यांना बसविले आणि ट्रे उचलून नळाकडे नेला.